दोनशे वॅट आणि ठमाबाईचा धवला

काळुराम घरताला गडब नाक्यावर सगळे ओळखत, आणि ओळखणाऱ्यांपैकी निम्मे जण त्याला थोडा चक्रम समजत. यात लोकांची तरी काय चूक? रोह्याच्या कंपनीत वायरमनची पक्की नोकरी, घरचं भात घरात, दारात रायवळ आंब्याची दोन झाडं, असं सगळं जागच्या जागी असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी नाक्यावर पत्ते कुटायचे सोडून जळक्या इस्त्रीचं पोट फाडून बसतो म्हटल्यावर लोक बोलणारच. काळुरामचं घर गडबच्या खाली, खाडीच्या अंगाला, मिठागराच्या बांधालगत होतं. तिथल्या पडवीत आसपासच्या पाच गावांचे मुके रेडिओ, अडकलेले पंखे आणि थंड पडलेल्या इस्त्र्या येऊन पडायच्या आणि आठवड्याभरात बोलत्या-फिरत्या होऊन परत जायच्या. शिक्षण सातवी. बाकीचं सगळं त्याने हाताला चटके खाऊन मिळवलेलं.

पण गावात खरा मान होता तो त्याच्या आईला, ठमाबाईला. ठमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणून जातो, ते ठीक आहे, त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण मांडवाचा खांब उभा करण्यापासून हळद उतरेपर्यंत लग्नाचं एकेक पाऊल पुढे सरकतं ते धवलारणीच्या गाण्यावर. ती देवांना बोलावते, गेलेल्या वाडवडिलांना नाव घेऊन बोलावते, नवरीच्या कपाळीचं कुंकू गाऊन लावते. तिने धवला म्हटला नाही तर नवरदेवाने कितीही घाई केली तरी पाटावरून उठायची सोय नाही. ठमाबाईने असे धवले चाळीस वर्षं म्हटले. पार जित्यापासून नागोठण्यापर्यंत तिला सुपारी यायची. अक्षर एक येत नव्हतं, पण कोणत्या देवामागून कोणता देव आणि कोणत्या विधीमागून कोणता विधी, यात बाई कधी अडखळली नाही. आवाज असा की मांडवात बसून गायली तर बांधावरच्या माणसाने कुदळ थांबवून ऐकावं.

साठी उलटली आणि तिचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी कोंबडा ऐकू येईना, मग एसटीचा भोंगा, मग सून चंद्रावती. गाणारणीचे कान गेले म्हणजे काय होतं, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. शब्द सगळे शाबूत होते, दम होता, पण स्वतःचा सूरच कानावर येत नसल्यामुळे ती एका वाटेने जायची आणि मागच्या साथीच्या बाया दुसऱ्या वाटेने. चार लग्नांत असं झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, आपल्या लोकांची ती एक रीतच आहे. नुसती सुपारी येईनाशी झाली. लग्नाचं आमंत्रण यायचं, साडी यायची, मानाने पुढे बसवायचे, आणि धवला म्हणायला पलीकडच्या गावची धोंडुबाई. ठमाबाई पुढे बसून तिच्या ओठांकडे बघत राहायची. काळुरामला ते बघवायचं नाही. तो उठून मांडवाबाहेर जायचा आणि उगाच कुणाच्या तरी बल्बची वायर ठीक करत बसायचा.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर काळुरामच्या मुलीचं, शकूचं लग्न ठरलं. मुलगा रोह्याकडचा, लग्न वैशाखात, घरच्याच मांडवात. बोलणी करून पाहुणे गेले, आणि ठमाबाईने सुपारी कातरता कातरता सहज सांगावं तसं सांगितलं, "धोंडुबाईला आताच सांगून ठेवा. वैशाखात तिला मागं फिरायला फुरसत नसते."

चंद्रावती तिच्या कानाशी ओरडली, "आत्याबाय, घरची नात हाय. तुमीच म्हनायचा."

"नातीच्या लग्नात हसं करून घेऊ? नाय गो, बाय." एवढं बोलून म्हातारी आत गेली.

काळुराम रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो आईला पेणला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीला अडकवायची डबी आणि कानात घालायची बोंडी दिली. ती डबी शिट्टी वाजवायची, आणि गायला तोंड उघडलं की सगळाच आवाज फाटका होऊन कानात घुसायचा. ठमाबाईने तीन दिवस ती सोसली आणि चौथ्या दिवशी तांदळाच्या कणगीत टाकून दिली. मग काळुरामने रेडिओवाल्यांच्या डोक्यावर असते तसली हेडफोनची कानटोपी आणून दाखवली. त्यावर बाई खवळली. धवला म्हणताना देवापुढे डोक्यावरून पदर घ्यायचा, दुसरं काहीही डोक्यावर चढवायचं नाही, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. काळुरामने टोपी गुपचूप परत नेली.

उपाय सापडला तो गावातल्याच एका पूजेला. भाड्याचे लाऊडस्पीकर लावून पोरं सिनेमाची गाणी कर्कश्श वाजवत होती. ठमाबाई एका मोठ्या खोक्याला टेकून बसली होती, आणि काळुरामला दिसलं की तिचा हात गुडघ्यावर ठेका धरतोय. बरोबर धरतोय, एकही मात्रा न चुकवता. तिला ऐकू येत होतं! कानाने कमी आणि पाठीने जास्त, पण येत होतं. तो धावत जाऊन शेजारी बसला. तेवढ्यात कुणीतरी आवाज आणखी चढवला, गाणं फाटलं, नुसती खरखर उरली, आणि आईचा हात थांबला.

त्या एका क्षणात काळुरामला सगळं गणित कळलं. आईला मोठा आवाज हवा होता, पण फाटका नको होता. लहान मशिनीची मान पिरगळून मोठा आवाज काढला की तो फाटतोच. मशीनच एवढी दांडगी पाहिजे की तिला अर्ध्या ताकदीने चालवूनही आईला ऐकू यावं, आणि ताकद पुरी वापरायची वेळच येऊ नये. नाक्यावरचे भाड्याचे ॲम्प्लिफायर होते तीस-चाळीस वॅटचे. काळुरामने ठरवलं, दोनशे. आणि तो घरी बनवायचा.

नाक्यावर बातमी फुटायला वेळ लागला नाही. म्हातारीच्या कानासाठी दोनशे वॅट म्हणजे उंदीर मारायला सुरुंग, असं लोक म्हणू लागले. त्याचा मामा बाबाजी, जन्मभर मिठागरात राबून टाचांना भेगा पडलेला आणि जिभेला धार आलेला म्हातारा, रोज पडवीत डोकावून विचारायचा, "काय रं, इमान उडवनार कधी?" काळुराम हसायचा आणि कामाला लागायचा. हा त्याचा गुण मला फार मोठा वाटतो. चेष्टा करणाऱ्याशी वाद घालण्यात त्याने आयुष्यातला एक तासही घालवला नाही.

सगळ्यात अवघड होता ट्रान्सफॉर्मर. एवढा मोठा तयार मिळणं कठीण. जिते स्टेशनाजवळच्या भंगारवाल्याकडे जळलेल्या वेल्डिंग मशिनीच्या पत्र्यांचा गाभा मिळाला, चांगला बारा किलोचा. तो खांद्यावर टाकून काळुरामने आधी गाडीने पेण गाठलं आणि मग एसटीने गडब. कंडक्टरने त्या गाभ्याचं वेगळं तिकीट फाडलं. त्यावर तार गुंडाळायला सायकलच्या मागच्या चाकाचा आस खुंट्यावर बसवला, त्याला हँडल लावलं. काळुराम तार ताणून धरायचा, चंद्रावती हँडल फिरवायची. शेकडो वेढे, आणि एक चुकला तर सगळं वाया. चंद्रावतीने तोड काढली: दर दहा वेढ्यांना एक चिंचोका सुपात. मध्ये कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तीन रविवार ते दोघं असे समोरासमोर बसून होते. लग्नाला वीस वर्षं झाली, पण येवढा वेळ नवऱ्याचं तोंड बघत कधी बसले नव्हते, असं ती पुढे हसत सांगायची.

मग ते ट्रान्झिस्टर. टोपीच्या आकाराचे, लोखंडी अंगाचे, आठ. ते तापतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांवर आवळायचे, पण त्यांच्या अंगातूनच वीज खेळते, म्हणून पट्टीला उघडं टेकवायचं नाही. मध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा हवा. अभ्रक काळुरामकडे ढिगाने होतं, जळक्या इस्त्र्यांच्या पोटातलं. चक्रमपणाचा असा उपयोग होतो. उष्णता नीट जावी म्हणून पापुद्र्याला लावायचा लेप त्याने पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणाऱ्या गोविंदाकडून मिळवला. त्याच्याकडची जस्ताची पांढरी पूड ग्रीसमध्ये घोटली, झालं. गोविंदाने विचारलं, "मूर्ती केवढी?" काळुराम म्हणाला, "माझ्या आईएवढी."

पहिल्यांदा चालू करताना त्याने मशिनीच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब जोडला. वायरमन लोकांची ही जुनी युक्ती: आत कुठे घोटाळा असला तर बल्ब भगभगीत पेटतो आणि मशीन वाचते. बटण दाबलं, आणि बल्ब असा पेटला की पडवीत उजेड पडला. चंद्रावतीने डोळे मिटून घेतले. काळुरामने आठही ट्रान्झिस्टर एकेक करून सोडवले. सहाव्याखालचा पापुद्रा केसाएवढा चिरला होता. नवा कापला, घातला, पुन्हा बटण. बल्ब क्षणभर लकाकला आणि मंद होत होत विझला. विझलेल्या दिव्याकडे बघून एवढा आनंद झालेली माणसं मी तरी दुसरी पाहिली नाहीत.

आईच्या बसायच्या जागेसाठी त्याने फणसाच्या फळ्यांचा हातभर उंच बंदिस्त खोका केला, आत मोठा स्पीकर वर तोंड करून बसवला, आणि वर तिचा नेहमीचा पाट. आवाज फळीतून थेट अंगात जायला हवा. माईक ओठांपासून दोन बोटांवर, म्हणजे शिट्टी मारणार नाही. ठमाबाई हे सगळं लांबून बघत होती. तिने हो म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, "मांडव घातल्यावर बघू." आणि धोंडुबाईला सुपारी गेलेली होती, ती कुणी परत मागितली नव्हती. हे काळुरामला ठाऊक होतं. लग्नाच्या सकाळी आई पाटावर बसली नाही, तर धोंडुबाई बसणार. इतकं ते सरळ होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मांडवात जोडणी झाली. मशीन पडवीत, माईकची छोटी पेटी मांडवात. आणि इथे काळुरामने ती चूक केली, जी फक्त खारपट्टीतला माणूसच करू जाणे. आमच्या या मातीत मीठ मुरलेलं. दुसरीकडे अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरावा लागतो; इथे सळई ठोकली की झालं. काळुरामला त्याचा भलता अभिमान. घरामागे मशिनीला जोडलेली एक सळई होतीच. पण आई बसणार, पोरीचं लग्न, धोका नको, म्हणून त्याने मांडवातल्या पेटीसाठी मांडवातच दुसरी सळई ठोकली. दुप्पट अर्थिंग, दुप्पट बरं.

मशीन चालू केली आणि खोक्यातून घुंऽऽ असा आवाज सुटला. मोठ्या भुंग्यांचा थवा उठावा तसा. माईक बंद केला तरी घुंऽऽ. एकट्या पडवीत एवढे दिवस जी मशीन गप्प राहायची तिने नेमकं आज तोंड उघडलं. काळुरामने वायरी बदलल्या, पेटी उघडली, बंद केली. दुपार कलली. शेवटी त्याच्या तोंडून निघून गेलं, "ट्रान्सफॉर्मरच चुकला असंल. वेढे मोजन्यात..."

चंद्रावती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "चिंचोके अजून गाडग्यात हायती. मोजा. एक कमी निघाला तर नाव बदला माजं." आणि ती जी आत गेली ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. बरोबरच केलं तिने.

काळुराम मांडवातल्या सळईपाशी डोकं धरून बसला. बाबाजीमामा आला, घुंऽऽ ऐकत उभा राहिला. "हा भुंगा कवापासून?"

"मांडवात जोडल्यापासून. नुसत्या पडवीत नव्हता."

"पडवीत नव्हतं ते इथं काय वाढीव केलंस?"

"काय नाय. ही एक सळई. आपल्या जमिनीला..."

"आन घरामागची?"

"ती बी हायच."

बाबाजीने तंबाखू झटकली. "गाढवा, मिठाच्या वाफ्याला दोन बाजूंनी मोऱ्या ठेवल्या तर पानी स्थिर ऱ्हातं काय? इकडून तिकडं सरकत बसतं, मीठ धरत नाय. एक मोरी बुजव."

काळुरामने आधी घराकडे पाहिलं, मग समोरच्या सळईकडे. दोन सळया, मध्ये खारी माती, आणि दोन्हींना जोडणारी माईकची वायर. विजेला फिरत राहायला त्याने स्वतःच्या हाताने रिंगण करून दिलं होतं. त्याने मांडवातली सळई दोन्ही हातांनी धरून उपटली. घुंऽऽ थांबला. मांडव एवढा गप्प झाला की बांधापलीकडचे बगळे ऐकू आले. काळुराम मामाच्या पाया पडला, आणि मामा म्हणाला, "माज्या नगं, बायकोच्या पड."

लग्नाची सकाळ उजाडली. मांडव भरला, रोह्याची मंडळी आली, धोंडुबाईही येऊन बसली. शकू हळदीच्या अंगाने येऊन उभी राहिली. खोक्यावरचा पाट रिकामा होता. काळुरामने आईकडे पाहिलं. तिला हात धरून न्यायची हिंमत त्याला होईना. एवढी मोठी मशीन बनवणारा माणूस, पण नुसता माईकची वायर चाचपत राहिला. तेव्हा धोंडुबाई उठली. ती मोठ्या मनाची बाई. तिने ठमाबाईचा हात धरला, खोक्यापर्यंत नेलं आणि स्वतः मागे साथीला बसली.

ठमाबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि पहिल्या देवाचं नाव उचललं, चाळीस वर्षं उचलायची त्या उंच सुरात. खोक्यातली फळी थरारली. आवाज स्वच्छ होता, कुठे फाटला नाही, भुंगा नाही, शिट्टी नाही. अर्धीच ओळ झाली आणि ती थांबली.

 ठमाबाईने दोन्ही तळवे पाटावर ठेवले होते. काळुराम धावत गेला, खाली बसला. त्याला वाटलं, बिघडलं काहीतरी.

"आये, ऐकू नाय आलं?"

"आलं." ती माईकपुढेच बोलत होती, म्हणून सगळ्या मांडवाने ते ऐकलं. "पाच वर्सांनी आलं. काळू, माजा गळा येवडा म्हातारा जाला? आन मला कुनी सांगितलं पन नाय."

काळुरामने सहा महिने तिच्यापर्यंत आवाज पोचवायचाच विचार केला होता. पोचल्यावर तिला काय ऐकावं लागेल याचा विचारच केला नव्हता. त्याला लाज वाटली, रडू आलं. आवाज कमी करावा म्हणून तो मशिनीकडे जायला उठला, तर आईने त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. आता कळतं मला माजा सूर कुठं जातो तो." ती मागे वळली. साथीच्या बायांना, धोंडुबाईला म्हणाली, "वर नाय पोचत आता माजा. खालून घेते. मला धरून चला गो."

आणि तिने तोच देव पुन्हा बोलावला, चांगला चार स्वर खालून. मागच्या बाया त्या सुरात मिळाल्या. यावेळी वाटा दोन झाल्या नाहीत. शकूच्या कपाळी कुंकू लागलं तेव्हा दुपार टळत आली होती, आणि तोवरचा एकही धवला ठमाबाईने गाळला नाही.